लाईटबिल आपोआप

३ फेब्रुवारी, सकाळी ११
आजपासून लाईटबिलाची लाईन बंद. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर तीस वर्षं काढली, एका किलोची चूक नाही. आता रिटायर माणसानं काउंटरपुढे उभं राहायचं? मोबाईलवर ऑटोपे लावलं. एकट्यानं. बायको म्हणाली, "कोनाले तरी दाखवा पहिले." शीलाला टेक्नॉलॉजीची भीती वाटते.
शेवटी स्क्रीनवर 'इंद्रजीत रामधन राठोड' असं नाव आलं. लाईट ऑफिसचे साहेब असतील. कन्फर्म दाबलं.

५ मार्च
मी चहा पीत होतो आणि तिकडे बिल भरलं गेलं! याला म्हणतात सिस्टिम.
रक्कम मात्र तिप्पट. लगेच तपास केला. दोषी सापडला : शीलाची शिलाई मशीन. आजपासून मोटर बंद, मशीन पायानं चालवायची. व्यायामही होतो. ती म्हणाली, "लग्नसराईचे बावीस ब्लाउज हायत. पाय काय तुमचे दुखनार हायत?" शिस्त म्हणजे शिस्त.

१९ मार्च
लाईटबिलाचा कागद आला. न उघडता रद्दीत. कागदाचा जमाना गेला, हे त्या लोकांना कोण सांगणार?

७ एप्रिल
बिल आणखी वाढलं. मोटर बंद असून! म्हणजे फ्रिज. दिवसा बंद ठेवायचा हुकूम काढला. शीला काही बोलली नाही. पाय सुजलेत म्हणून गरम पाण्यात बुडवून बसली होती. बोलत नाही म्हणजे पटलं असावं.

२१ एप्रिल, दुपारी १
लाईट कापली. लाईनमन बाबूसिंग शिडी घेऊनच आला. त्याला मोबाईल दाखवला : दोन्ही महिन्यांचं बिल भरलेलं, पुरावा समोर. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "काकाजी, हे तं तांड्यावरच्या इंद्रजीतच्या पीठगिरणीचं बिल हाय. तुमच्या ग्राहक नंबरात सहा हाय, तुमी नऊ टाकला."
मी ठणकावलं, सहा आणि नऊ सारखेच दिसतात, ही आकड्यांची चूक आहे. तो खांबावर चढला. सगळी गल्ली बाहेर.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
स्कूटरनं तांड्यावर गेलो. जाब विचारणार होतो. इंद्रजीतनं मिठीच मारली. "भाऊ, मी तं समजलो सरकारनं माफ केलं! पेढे वाटले ना मी!" पैसे महिनाअखेर देतो म्हणाला, चेहरा खरा वाटला. वर दळण वर्षभर फुकट. मी कडक बोललो. येताना दहा किलो ज्वारीचं पीठ आणलं. हा ऑटोपेचा फायदा कोणी सांगत नाही.

२२ एप्रिल
शीलानं शिलाईच्या पैशातून बिल भरलं, दंडासकट. उन्हात पाऊण तास लाईनमध्ये उभी होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "म्हंजे दीड महिना मी त्या गिरणीसाठी पाय मारून राह्यलती?"
मी तांत्रिक बाजू समजावत होतो. तिनं मशीनची मोटर सुरू केली. पुढचं ऐकू गेलं नसावं.
तिच्या पायाला तेल लावून देतो म्हणालो. नको म्हणाली.
तरी लिहून ठेवतो : दोष सिस्टिमचा नाही.

२ मे
इंद्रजीतनं पैसे आणून दिले. शीलाच्या हातात.
आज जाहीर केलं की हार मानणार नाही, लाईटबिल पुन्हा ऑटोपेवरच लावायचं. शीला म्हणाली, माझ्या मोबाईलवर लावते, माझ्या खात्यातून. मी म्हटलं, घरखर्चाचा प्रश्न आहे, घाई बरी नव्हे. गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या, सगळ्या बाजूंनी विचार केला आणि खाली येऊन परवानगी दिली.
तोवर तिचं लावून झालं होतं.