डांबरगोळ्यांना फ्रान्स समजले

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. पत्राच्या शेवटी भांडणारही आहे.

मी अगदी बरी आहे. सभेत बोलून बोलून घसा बसलाय, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत?

बाबांनी तुला आणलेलं ते फ्रेंच अत्तर आता कुठेच मिळत नाही. पण इथे बाजारामागच्या गल्लीत एक बाई स्वयंपाकघरातच जुन्या फ्रेंच अत्तरांसारखी तेलं बनवते. अत्तराचं नाव सांगताच तिने ओळखलं. चार वेळा मिश्रण केलं आणि चारही वेळा मी नाक मुरडलं. "हा आमच्या आईचा वास नव्हे!"

शेवटी ती वैतागली. "अहो, तुमची आई बाटली ठेवायची तरी कुठे?"

"लोखंडी पेटीत, साड्यांच्या घडीत, डांबरगोळ्यांशेजारी," मी म्हणाले, आणि दोघी पोट धरून हसलो. जन्मभर मी डांबरगोळ्यांना फ्रान्स समजत होते! तिचं पहिलंच तेल हुबेहूब होतं. तेच पाठवतेय.

आता भांडण. दादा सांगतो, बाबा गेल्यापासून तू ती रिकामी बाटली नुसती हुंगतेस, अंगाला काही लावत नाहीस. लोक काय म्हणतील म्हणून? अगं, बाबांनी अत्तर लोकांसाठी आणलं होतं का? ते तुझं होतं, तुझंच आहे, आणि ते लावायला कुणाचीही परवानगी लागत नाही!

ही कुपी पेटीत ठेवायची नाही. थेंबभर मनगटाला लाव आणि तोच हात कागदावर टेकवून मला उत्तर लिही. थापा मारू नकोस, पाकीट उघडताच मला कळेल.

तुझीच,
भांडकुदळ लेक