जगतपुऱ्यातल्या वरच्या खोलीची व्यवस्था

मी, श्रीमती रमा श्रीपाद बखले, वय ६७, राहणार जगतपुरा, जयपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मराठीत लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर जयंत यांनी आज सकाळी मला तपासले आणि वार विचारला. मी सोमवार सांगितला, तो बरोबर निघाला. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. वाटणी करावी असे माझ्याजवळ फारसे नाही. लिहायला बसले ती वरच्या खोलीसाठी. ती कोणाला द्यावी, हे आज सकाळपर्यंत माझे ठरत नव्हते.

१. घराचा तळमजला, बँकेतील ठेवी आणि दागिने माझी एकुलती मुलगी ऋचा हिला मिळावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती बंगळूरला असते आणि तिचे मराठी अर्ध्या वाटेत हिंदी होते. वरची खोली बाहेर द्यायचा विषय निघाला तेव्हा फोनवर म्हणाली, "आई, मतलब, मी भांडत नाहीये. फक्त विचारते आहे." बाळ, तू विचारलेस हे चांगले केलेस.

२. माझे पती कै. श्रीपाद बँकेच्या बदलीने दोन वर्षांसाठी म्हणून जयपूरला आले. त्याला छत्तीस वर्षे झाली. त्यांची करड्या रंगाची हॅट कोणाला देऊ नये. ती माझ्यासोबत चितेवर ठेवावी.

३. आमच्या संस्थेतील जुने सहकारी मुकुंद यांनी माझ्या प्रशिक्षणाच्या टिपणांचे पुस्तक काढले आणि वर स्वतःचे नाव छापले. त्यांना माझा वाचायचा चष्मा द्यावा. त्या पुस्तकाचे आतले पहिले पान, जिथे लेखकाचे नाव असते, ते त्यांनी सावकाश वाचावे. राग आता उरलेला नाही, पण चष्मा द्यावाच.

४. वरची खोली. पंचवीस वर्षे तिथे गावोगावच्या आणि वस्त्यांमधल्या बाया शिकायला आल्या. सभा कशी बोलवावी, अर्ज कसा लिहावा, साहेबासमोर हात न जोडता कसे उभे राहावे, हे आम्ही तिथे शिकत असू. पहिला नियम माझा होता: पहिले सात दिवस वस्तीत जायचे आणि बोलायचे नाही. मटार सोलायचे, पाणी भरायचे, ऐकायचे. दुपारी जेवणे झाली की साऱ्याजणी सतरंज्यांवर आडव्या होत. पंखा फिरे, टाकीवर मोर येऊन बसे, स्टेशनातून गाडीची घोषणा वाऱ्यावर तुटक ऐकू येई आणि झोपेतच कोणी तरी अर्धी घोषणा देई. मग सगळ्या डोळे न उघडता हसत. अजूनही दुपारी माझा डोळा लागला की जिना वाजतो. मी उठून दार उघडते. बाहेर ऊन असते.

५. इथे एक चूक नोंदवून ठेवते, कारण पुढचे कलम तिच्यातूनच आले आहे. लहानपणी माझ्या कॉन्व्हेंट शाळेत दर वर्षी नाटक होई. पडद्यामागे उभे राहून, जी अडेल तिला पुढचे वाक्य पुरवायचे काम सिस्टर माझ्याकडे देत. मला त्याचा फार अभिमान होता.

जयपूरजवळच्या चाकसूच्या पुढे एका गावात आरोग्य केंद्राला वर्षभर कुलूप होते. गावच्या बायांच्या वतीने त्यांच्यातलीच द्वारका बोलणार होती. तीन आठवडे तिने वरच्या खोलीत सराव केला. साहेब म्हणून आम्ही झाडू उभा करून त्याला श्रीपाद यांची हॅट घातली होती. द्वारका झाडूला दम भरी आणि मागे बाया लोळून हसत. प्रत्यक्ष साहेबांसमोर ती दोन वाक्ये बोलली आणि थांबली. मला वाटले, अडली. मी पुढे झाले आणि चांगल्या इंग्रजीत उरलेले सारे बोलून टाकले. आठवड्यात कुलूप निघाले. पुढच्या सभेला मात्र बावीसपैकी सहाच बाया आल्या. बाकीच्यांनी निरोप धाडला, दीदी बोलतातच की. द्वारका त्या दिवशी जिन्यातूनच परत गेली. जाताना एवढेच म्हणाली, "दीदी, मैं अटकी नहीं थी. साँस ले रही थी."

पुढे बारा वर्षे ती वर आली नाही.

६. गेल्या महिन्यात मी चाकसूला गेले. द्वारका आता स्वतः मुलींना तयार करते, आपल्या ओसरीत. मी तिला मृत्युपत्राचा हिंदीत उतरवलेला कच्चा मसुदा दाखवला. त्यात वरची खोली तिच्या गटाला दिली होती आणि खाली नऊ अटी होत्या. फळ्यावर रोज तारीख घालावी, तीही वळणदार अक्षरात, इथपर्यंत. तिने शांतपणे सगळे वाचले आणि पदर तोंडाला लावून हसली.

"मरने के बाद भी दीदी ही बोलेंगी?"

मीही हसले. मग विचारले, "तो कमरा लोगी?"

"सब बैठेंगे, फिर बताएँगे."

परतीच्या बसमध्ये मी नऊच्या नऊ अटी खोडल्या. सगळ्यात जास्त वेळ तारखेच्या अटीला लागला.

७. आज सकाळी, डॉक्टर निघाल्यावर, द्वारकाचा फोन आला.

"दीदी, सब बैठे थे. कमरा नहीं चाहिए. दो बसें बदलनी पड़ती हैं, लड़कियाँ कैसे आएँगी? दरियाँ, ब्लैकबोर्ड और वो बड़ा पतीला दे दो."

म्हणजे सतरंज्या, फळा आणि डाळीचे मोठे पातेले. खोली ही मी देऊ शकेन अशी सर्वांत मोठी वस्तू आहे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. समजावणारी तीन वाक्ये माझ्या जिभेवर तयार होती. ती मी बोलले नाही.

"अच्छा," म्हटले, "वसीयत में लिख देती हूँ."

"वसीयत में क्यों? तब तक लड़कियाँ ज़मीन पर बैठेंगी? शनिवार को टेंपो भेज रही हूँ."

सबब, सदर तीन वस्तू मी या मृत्युपत्रातून वगळत आहे, कारण माझ्या मृत्यूसमयी त्या माझ्या नसतील. वरची खोली ऋचा हिला, कोणत्याही अटीशिवाय. येत्या शनिवारी दुपारपासून ती रिकामी असेल.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते मला मान्य आहे, आणि डॉक्टर संध्याकाळी पुन्हा आल्यावर खालील दोघांच्या देखत सही करीत आहे.

(सही) रमा श्रीपाद बखले

साक्षीदार:
१. (सही) डॉ. जयंत शेषराव उमरीकर, सिव्हिल लाइन्स, जयपूर
२. (सही) शमिका अभिषेक नाडकर्णी, जगतपुरा, जयपूर

स्थळ: जगतपुरा, जयपूर
दिनांक: ९ डिसेंबर २०२४