सातही कवड्या पालथ्या

९ जानेवारी १९९४, रविवार. भुसावळ

मी सांगतेय, नलू लिहितेय. नातीचं कौतुक नातीच्याच हातून लिहून घ्यायचं, म्हणजे बेतानं. तरी लिही, आज खेळ झकास चालवलास. लाजू नको, अक्षर बिघडतं.

पुण्याचं होस्टेल सोडून घरी आली तेव्हा हिनं दोन पुस्तकं आणली. एकात किल्ले, तलवारी, जादूगार. दुसऱ्यात आभाळातली रॉकेटं, पण त्याची नियमांची पानं गळालेली. म्हणून ही पोर गोष्ट घेते आभाळाची न् नियम लावते किल्ल्याचे. पुढ्यात काय आलं ते ही सांगते, आपण काय करतो ते आम्ही सांगतो, जमलं की नाही ते फासा ठरवतो. आज नाना रॉकेटातून पडला, तर जखम घोड्यावरून पडल्याची. पुस्तकात तेवढीच होती म्हणे. पण गोष्ट कुठं अडखळली नाही. ज्वारी न् उडीद एकत्र दळावे तेव्हा कळण्याची भाकर होते, तसलं डोकं आहे पोरीचं.

नाना माझा धाकटा भाऊ. जन्मभर रेल्वेत गार्ड. त्याची बायको शांता गेली तेव्हापासून दीपनगरला लेकाच्या क्वार्टरात भिंतीकडे तोंड करून बसायचा. दिवाळीपासून दर रविवारी दुपारच्या बसनं येतो. ह्या खेळासाठी. खेळातही गार्डच, ताऱ्यांमधून जाणाऱ्या गाडीचा. पुस्तकात गाडी नव्हतीच. नलूनं त्याच्यासाठी घातली.

१४ जाने., संक्रांत

तिळगूळ वाटून झाला. गोड बोलायचा दिवस, म्हणून फ्रान्सिसबाईबद्दल थोडक्यात. शेजारीण. शाळेत इंग्रजी शिकवते, खेळायला आमच्यात बसते, नियमांचं पुस्तक जिभेवर. मी खेळात जादूगारीण. बाई म्हणाली, जादूगारानं रोज सकाळी मंत्र वाचायचे असतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी दुसरं काहीतरी व्हावं. नलू म्हणाली, आजीचे मंत्र जात्यावर बसून पाठ झालेत. बाईनं पुस्तक मिटलं.

दुसरी अडचण फाशाची. त्याला वीस बाजू, प्रत्येकीवर आकडा. मला आकडे येत नाहीत, बाई वाचून सांगते. माझाच आकडा दर वेळी लहान कसा, देव जाणे. शेवटी ट्रंकेतून आईच्या सात कवड्या काढल्या. धुळ्याकडच्या, माहेरच्या. किती उताण्या पडल्या की फाशाचे किती धरायचे, ते नलूनं वहीत लिहून काढलं. मी म्हटलं, बरं.

२३ जाने., रवि.

नाना अडून बसला, म्हणाला, मी हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, कुठल्याही पुस्तकात बघा. बाईनं बघितलं. अर्धा तास. सापडेना. नलूनं तोवर नियम वहीत चढवलासुद्धा. दोन पुस्तकं, माझ्या कवड्या, वर रेल्वे. आणि सगळं एका गाडीत बसवलं हिनं.

एरवी अर्धी टाकणाऱ्या नानानं आज भरिताबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. सूनबाईनं, नलूच्या आईनं, आधी पाहिलं, मला खूण केली.

३० जाने., रवि.

हे नलूच्या हातून लिहवत नाहीये. लिही तरी.

गाडीचा शेवटचा डबा पेटला. नानाचा गार्ड कंदील घेऊन बाहेर निघाला, डबा गाडीपासून तोडायला. मला म्हणाला, "अक्का, मना हातले यश नही. तू टाक."

टाकल्या. सातही पालथ्या. मी टाळी वाजवली. नाना हसला. शांता गेल्यापासून पहिल्यांदा. आमच्या माहेरी बठ्ठ्या, सातही, पालथ्या पडल्या म्हणजे सगळ्यात मोठं दान. लहानपणी त्यावरनं मारामाऱ्या केल्यात आम्ही.

नलू पांढरी पडली. तिच्या वहीत उताणी एकही नाही म्हणजे सगळ्यात हलकं दान. तिनं मला विचारलं नव्हतं, मला वाचता आलं नव्हतं. बाईनं वाकून वाचलं, "इथे मृत्यू लिहिलाय."

नानानं शाल घेतली. "लिखेल शे तं शे," म्हणाला, लिहिलंय तर लिहिलंय. चार वाजताच्या बसनं गेला.

२ फेब्रु.

तीन दिवस नलूशी भांडले. वहीतलं पान फाड, म्हटलं. नाही म्हणते. दान पडल्यावर मी नियम बदलला, तर पुढच्या दानावर कोण विश्वास ठेवेल? राग आला. खरं म्हणजे अभिमानही वाटला, पण तो तिला कशाला सांगू. (लिहिलंस? जाऊ दे.)

६ फेब्रु., रवि.

नाना आला नाही. लेकाचा निरोप, पुन्हा भिंतीकडे तोंड. जेवण अर्धं टाकतात.

दुपारी नलू माझ्यासमोर कवड्या घेऊन बसली. "आजी, कवड्या तुमच्या घरच्या. त्यांचा नियम मी तुम्हा दोघांना विचारायलाच हवा होता. चूक माझी." मी म्हटलं, मग झालं, नाना जगला. म्हणते, नाही. मी एकटीनं ठरवलं तेच चुकलं, आता तू एकटीनं ठरवलंस तर तेही तेच. दान नानांच्या नावाचं. पालथ्याचं काय धरायचं ते इथं बसून त्यांनीच सांगायचं.

दीपनगरला चिठ्ठी गेली: गाडी उभी आहे. गार्डची झेंडी मिळालेली नाही.

बाईनं चिठ्ठी वाचली, काही खोडलं नाही. बाईच्या मानानं पुष्कळ.

१३ फेब्रु., रवि.

बसची वेळ टळली. नाना नाही. त्याची खुर्ची मांडलेली, तिच्यावर कोणी बसेना. बाई आज पुस्तक न घेता आली.

मग त्याचा लेक स्कूटरवर आला, एकटाच. खिशातून घडी केलेला कागद. नलूनं वाचला. एकच ओळ, नानाच्या हातची: शेवटच्या डब्याचा लाल दिवा चालू आहे का?

लेक म्हणाला, काल संध्याकाळपासून हेच विचारतायत. आम्हाला काय माहीत कसला दिवा. मी जाणून होते: गाडी मागून तुटलेली नाही हे त्या दिव्यावरून कळतं, तो बघणं गार्डाचं काम.

नलू माझ्याकडे बघते. काय उत्तर देऊ?

लिही. इथून दिसत नाही. कोणीतरी मागं जाऊन बघायला हवं.