ओदिल कोस्तारला द्यायचे घर

मी मातुरँ गोबेर, वय एकाहत्तर, राहणार व्हर्साय, जुन्या बाजारामागची गल्ली, महाराजांच्या बागेतील कारंज्यांवर एकेचाळीस वर्षे कामाला, हल्ली घरी, हे माझ्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे नोटरी पेलिसिये म्हणतात. मला कोणी धमकावलेले नाही, दारूही पाजलेली नाही. दारू पाजली असती तर हरकत नव्हती. मागच्या महिन्यात मी एक मृत्युपत्र केले होते, ते फाडून टाकले आहे. का फाडले ते पुढे येईल.

कलम पहिले. माझा देह माझी पत्नी क्लोदीन हिच्या शेजारी पुरावा. थाटमाट नको. एक मेणबत्ती माझ्यासाठी लावावी आणि एक नुकत्याच वारलेल्या महाराजांसाठी. त्यांच्यासाठी सहा आठवडे देशभर प्रार्थना चालू आहेत, माझ्या एका मेणबत्तीवाचून त्यांचे अडणार नाही. तरी लावावी. कारण सांगतो.

मी सहा वर्षांचा असताना सरदार मंडळींची आपसात आणि राजवाड्याशी लढाई जुंपली होती. एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या सरदारांचे शिपाई आमच्या अंगणात आले. तिघांनीही सांगितले, आम्ही राजाच्या नावाने आलो आहोत. पहिल्यांनी कोंबड्या नेल्या, दुसऱ्यांनी पीठ नेले. तिसऱ्यांना द्यायला काही उरले नव्हते, म्हणून त्यांनी दार काढून नेले. तो हिवाळा आम्ही दारावर गोणपाट लावून काढला. माझा बाप म्हणायचा, "दहा धन्यांच्या गावात दार राहत नाही, पोरा. धनी एकच बरा. वाईट असला तरी एकच."

पुढे त्याच घराण्यांचे सरदार मी बागेत पाहिले. महाराजांच्या मागे दहा पावलांवर, टोपी हातात, भर उन्हात. कोणाला कोणत्या दिवशी निजायच्या वेळी महाराजांची मेणबत्ती धरायचा मान मिळाला यावर ते आठवडाभर फुगून बसत. ज्यांच्या बापांनी आमचे दार नेले, त्यांना मेणबत्तीवर आणून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या बापाने ते पाहिले असते तर तो जेवता जेवता थांबून बघत राहिला असता.

कलम दुसरे. माझी हत्यारे. झडपा फिरवायची मोठी लोखंडी चावी बागेची आहे, ती मी निवृत्तीच्या दिवशी परत केली. उरलेली माझी आहेत: चामडे कापायच्या तीन सुऱ्या, भोके पाडायचे दोन टोचे, चरबीचे भांडे. ही सर्व माझ्याच घरी राहणाऱ्या ओदिल कोस्तार हिला द्यावी. नळाच्या सांध्यात बसवायच्या चामडी चकत्या ती माझ्याहून चांगल्या कापते. गेली पंधरा वर्षे उत्तरेकडच्या सगळ्या हौदांना तिने कापलेल्या चकत्या आहेत. हे तिथल्या मुकादमाला ठाऊक नाही, आता कळले तरी चालेल.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण लोक ती हसून सांगतात. सगळी कारंजी एका वेळी उडतील एवढे पाणी व्हर्सायला कधीच नव्हते. म्हणून महाराज फिरायला निघाले की पहिल्या हौदावरचा माणूस शीळ घाली. ती ऐकून दुसऱ्या हौदावरचा झडप उघडी. महाराज वळणाआड गेले की दुसरी शीळ येई आणि मागची झडप बंद होई. असे हौदामागून हौद. त्यांच्यापुढे पाणी कायम उडत असे. माझा पुतण्या आंब्रोआज म्हणतो, तुम्ही चाळीस वर्षे राजाला फसवलंत. मी तसे मानत नाही. एक माणूस चालतो आणि त्याच्या चालीवर तीस माणसांचे हात, एकमेकांना न दिसता, एका तालात फिरतात, हे मी दुसरीकडे कुठे पाहिले नाही. महाराजही वेळेला असे पक्के होते की आम्ही घड्याळाकडे न पाहता झडपेला हात घालत असू. पाणी कमी होते, शिस्त भरपूर होती. शिस्तीने आम्ही पाणी पुरवले.

चूक एकदाच झाली.

कलम तिसरे. माझे लाकडी बूट ज्योआशँ फूकार याला द्यावेत. तो माझ्या शेजारच्या हौदावर होता. त्याचे पाय माझ्याहून दोन बोटे लांब आहेत हे मला ठाऊक आहे, बूट म्हणूनच देत आहे. जून महिन्यात एके दिवशी तो कामावर चेरी खात बसला होता. बी थुंकताना त्याच्या दातांतून जो आवाज निघाला तो मी बंद करायची शीळ समजलो आणि झडप फिरवली. महाराज पुढे गेले होते, पण एका परदेशी राजदूताची बायको पडलेला पंखा उचलायला मागे वळली. तिने पाहिले तर कारंजे खाली बसत होते.

ती आमची भाषा तुटक बोलत असे. म्हणाली, "तुमचं पाणी पण दरबारी दिसतं. राजा गेला की बसतं."

मी म्हणालो, "बाईसाहेब, ते बसत नाही. पुढच्या चाकरीला जातं."

ती हसली आणि कोणाला काही बोलली नाही. फूकार मात्र आजवर म्हणतो की बी माझ्या तोंडात नाही, तुझ्या कानात होती. बूट त्याला मिळाल्यावर त्याने ते घालून दाखवावेत.

कलम चौथे. बापाकडून आलेला द्राक्षमळा पुतण्या आंब्रोआज गोबेर यास द्यावा. पॅरिसच्या कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित जमिनीचा पाचवा हिस्साच मला कोणाला द्यायचा तर देता येतो, बाकीची रक्ताच्या वारसाकडे जाते. तो पाचवा हिस्साही मी आंब्रोआजलाच देतो. मळ्याला आंबट द्राक्षे लागतात. तो वकिलाच्या कचेरीत कारकून आहे, त्याला चव जमेल.

कलम पाचवे. घर.

घराचे सांगण्याआधी ओदिलचे सांगायला हवे. महाराजांनी यूर नदी व्हर्सायला आणायचे ठरवले तेव्हा मला नळ घालायला तिकडे पाठवले होते. हजारो शिपाई आणि मजूर मँतनोंपाशी दरीवर कमानींचा पूल बांधत होते. त्या कमानी अर्ध्याच राहिल्या, तरी माणसाच्या हाताने उभ्या झालेल्या गोष्टींत त्यांच्याहून देखणे मी काही पाहिलेले नाही. खणलेल्या दलदलीतून ताप आला आणि माणसे रांगेने गेली. पुढे लढाई लागली, पैसा आणि माणसे तिकडे गेली. महाराजांचा हुकूम नदीपर्यंत पोचला, नदी काही आली नाही. रेमी कोस्तार नावाचा खणणारा माझ्याच तंबूत होता. त्याची बायको आधी गेली, मग तो गेला. जाताना त्याने चार वर्षांच्या मुलीचा हात माझ्या हातात दिला. काय म्हणाला ते तापामुळे कळले नाही.

मी तिला घेऊन घरी आलो. क्लोदीन याच घराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. मुलीला विचारले, "नाव काय गं?" मुलगी म्हणाली, "ओदिल." क्लोदीन म्हणाली, "पाय धू आणि आत ये." आमच्याकडे दत्तकाचा विधी एवढाच झाला. कायद्यात तर तेवढाही नाही. आमच्या देशात दत्तक घेता येत नाही.

आता ओदिल तेहतीस वर्षांची आहे. क्लोदीन अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे सगळे हिनेच केले. माझ्या पाठीमागे तिला या घराशिवाय आसरा नाही, आणि आंब्रोआजला हे घर हवे आहे. तो लपवत नाही, हा त्याचा चांगुलपणा. महाराज गेल्यानंतर तीन आठवड्यांनी तो आला आणि टेबलाशी बसून म्हणाला, "काका, ऐकलंत ना? महाराज पहिल्या तारखेला गेले. दुसऱ्या तारखेला न्यायालयात त्यांचं मृत्युपत्र उघडलं, आणि त्याच दिवशी त्यातलं मुख्य ते बाजूला टाकलं. ज्याच्या शब्दापुढे अख्खा युरोप वाकला, त्याचा कागद एक दिवस टिकला नाही. तुम्ही तर नळवाले. तुमचा किती टिकेल?"

ओदिल चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आंब्रोआजभाऊ, नळवाल्याच्या घरचं सूप निवतंय. आधी ते संपवा, मग आम्हाला बाहेर काढा."

"मी बाहेर काढत नाही, कायदा काढतो," तो म्हणाला, आणि सूप दोनदा घेतले.

त्याचे बोलणे मला लागले. दुसऱ्या दिवशी मी माझा कागद घेऊन नोटरी पेलिसिये यांच्याकडे गेलो आणि आधी महाराजांचेच विचारले. ते तर देशातले पहिले पुरुष, मग त्यांचा कागद का मोडला?

नोटरी म्हणाले, "गोबेर, तुमच्या बापाचा मळा तुम्हाला हवा तसा वाटता येतो का?"

"नाही."

"का?"

"तो स्वकष्टार्जित नाही. मागून आलेला, पुढे जायचा."

"मग राज्य काय त्यांनी पगारातून घेतलं होतं? मागून आलेलं, पुढे जायचं. असेतो त्यांनी चालवलं, आणि त्यांच्यासारखं कुणी चालवलं नाही. पण आपल्या माघारी लहान वारसाच्या वतीने कुणी कारभार बघायचा, कुणाच्या हाती किती द्यायचं, हे वाटून ठेवायला गेले. तेवढं त्यांचं नव्हतं."

चोपन्न वर्षे ज्यांच्या इच्छेवर सगळा देश उठला आणि बसला, त्यांना आणि मला एकच कलम लागू आहे हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईट वाटले. मग भीती वाटली, आणि मी विचारले, "माझं घर?"

"घर स्वकष्टार्जित?"

"दगड न् दगड. आणि क्लोदीनच्या वाट्यावर हक्क सांगणारं तिच्या माहेरचं आता कुणी उरलेलं नाही."

"मग कुणालाही द्या, कुणी मोडू शकणार नाही." त्यांनी माझा कागद वाचला आणि चष्मा काढला. "फक्त ही पहिली ओळ. 'माझी मुलगी ओदिल.' हीच ओळ तुमचा पुतण्या शोधतोय."

"का? आहे ती मुलगी."

"तुमच्या नावाने बाप्तिस्म्याच्या वहीत आहे?"

"नाही."

"मुलगी आहे, वहीत नाही, म्हणजे लग्नाबाहेरची. लग्नाबाहेरच्या मुलीला बाप घर देऊ शकत नाही. फार तर खाण्यापुरतं देऊ शकतो. तिला परकी म्हणालात तर अख्खं घर द्या."

"म्हणजे परकीला घर आणि मुलीला सूप."

"असा कायदा आहे."

"महाराजांनी बदलला असता."

"महाराजांनी स्वतःच्या लग्नाबाहेरच्या मुलांसाठी बदलून पाहिलाय," नोटरी हळू आवाजात म्हणाले. "तो किती दिवस टिकतो ते आता सगळेच बघतायत. तुम्हाला टिकणारा कागद हवाय की बरा वाटणारा?"

मला टिकणारा हवा होता. घरी येऊन जुना कागद फाडला.

तर: जुन्या बाजारामागच्या गल्लीतील माझे घर, माडी, चूल, परसातील विहीर आणि नासपतीच्या झाडासह, ओदिल कोस्तार हिला द्यावे. ही ओदिल मँतनों येथील कामावर वारलेल्या रेमी कोस्तार या मजुराची व त्याच्या लग्नाच्या पत्नीची मुलगी आहे. तिच्या जन्माची नोंद तिच्या बापाच्या गावच्या चर्चमध्ये आहे, तिची नक्कल सोबत जोडली आहे. तिचे माझ्याशी रक्ताचे नाते नाही. ती माझी कोणी लागत नाही. तिने एकोणतीस वर्षे या घरात काम केले, त्या सेवेबद्दल हे घर देत आहे.

ही ओळ लिहायला मला सगळी सकाळ लागली. नंतर ती ओदिलला वाचून दाखवली. न सांगता कागदात ठेवणे मला शोभले नसते. तिने हात पुसून दुसऱ्यांदा ऐकली.

म्हणाली, "ठीक आहे. मग आजपासून परक्या बाईने तुमचे गुडघे का चोळायचे?"

मी म्हणालो, "नोटरी कागद वाचतील तेव्हा तरी मला बाबा म्हणू नकोस."

"नोटरींसमोर गोबेर महाशय म्हणेन," ती म्हणाली. "पाय पुढे करा, गोबेर महाशय."

कलम सहावे. आंब्रोआजवर माझा राग नाही. त्याने मला महाराजांचे सांगितले नसते तर मी चुकीचा कागद करून मेलो असतो. या घरावरचा हक्क सोडून त्याने इथे केव्हाही यावे. सूप मिळेल. या कागदाची अंमलबजावणी नोटरी पेलिसिये यांनी करावी.

शेवटी, खाडाखोडीबद्दल. कलम पाचमध्ये ओदिलच्या नावाआधी दोन शब्द सवयीने लिहिले गेले होते. ते मीच खोडले, ते रद्द समजावेत. नोटरी कोरा कागद देत होते, मी घेतला नाही. कायद्याने खोडलेला शब्द असा खोडावा लागतो की खाली काय होते ते कोणालाही वाचता यावे. मी एकच रेघ मारली आहे, बारीक.

लिहून देणार: मातुरँ गोबेर (स्वहस्ते)

साक्षीदार: निकेज वातेल, पाववाला, याच गल्लीत राहणारा
साक्षीदार: ज्यिल तिएबो, चर्चचा घंटा वाजवणारा, सही येत नाही म्हणून फुली
समक्ष: पेलिसिये, नोटरी. खोडलेले शब्द दोन, वाचले, मंजूर.

व्हर्साय, चौदा ऑक्टोबर सतराशे पंधरा