टीव्हीखालचं मशीन

प्रिय आई,

लेकीचा नमस्कार. या वेळी बसल्याबसल्याच करते.

वादळ येऊन आठवडा झाला, वीज अजून आली नाही. फोनही बंद, म्हणून हे पत्र. आम्ही सगळे ठणठणीत आहोत.

वाऱ्यानं गल्लीतल्या सगळ्यांचे पडदे फाडले आणि सगळे माझ्याच दारात! माझं शिलाईमशीन विजेवरचं, ते गप्प पडलेलं. तेव्हा सासूबाईंना टीव्हीखालचं टेबल आठवलं. म्हणजे तुझं पायमशीन गं! टीव्ही उतरवला, तेल घातलं, पट्टा चढवला, आणि पठ्ठं पहिल्या झटक्यात चालू!

खिडकीची काच पडून माझ्या पायाला जरासं लागलंय. टाके थोडेच आहेत, काळजी करू नकोस. त्यामुळे तुझे जावई खाली बसून हातांनी पायडल हलवतात आणि मी वर शिवते. सासूबाई खुर्चीतून हुकूम सोडतात, "हळू रे, पडदा आहे, आगगाडी नाही!" काल हे इतके सुसाट सुटले की माझी बाहीच पडद्याला शिवली गेली. हसून हसून पुरेवाट झाली.

तिकडे वारं नव्हतं ना? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

इकडे येताना मशीन नको म्हणून मी केवढा थयथयाट केला होता! आता तू "मी सांगत नव्हते?" म्हणशीलच. म्हण, चांगलं मोठ्यानं म्हण. फोन सुरू झाला की सगळ्यात आधी मला तेच ऐकायचंय.

तुझी,
पडद्याला शिवलेली लेक