समाधानी बाईच्या ताटातलं पिठलं

देगलूर, मंगळवार

धाकट्या शांतम्मास थोरल्या सिद्धम्माचा येशूच्या नावात सलाम.

तुझा चष्मा माझ्या खिडकीत राहिला आहे. आता चष्म्याशिवाय तू हे पत्र वाचणार कशी, ही चिंता मी देवावर टाकली. मागल्या खेपेला छत्री विसरलीस, त्याआधी नवरा विसरून एकटीच एसटीत बसलीस. त्या मानानं चष्मा म्हणजे सुधारणाच. गुडघे कसे आहेत? (ते तरी सोबत नेलेस ना?) मला लिहिता येत नाही, म्हणून पत्र आमच्या पाळकबाई लिहून राहिल्या आहेत. मी सांगते तसंच लिहितात, फक्त मधूनमधून थांबून माझ्याकडं बघतात.

आमच्या आनंदराजचं नांदेडच्या गोदामातलं काम सुटलं, ते तुला ठाऊकच. पुढं काय, कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून लेकरू बोलेना, हसेना. घरात रविवारचं मटण बंद झालं, त्याची त्याला इतकी लाज की जेवताना माझ्याकडं बघायचा नाही. अशा वेळी प्रभूनं माझी मटणाची वासनाच काढून घेतली. मी चर्चमध्ये उभी राहून तशी साक्ष दिली : भाकरी-पिठल्यात मी तृप्त आहे. (साठ वर्षांची वासना, एका रविवारात गेली. बाई मान डोलवून राहिल्या.)

आपली मंडळी तुला माहीतच आहे. साक्ष दिली की काळ्या दगडावरची रेघ. दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना आणि मागून जेवण. बाकीच्यांना रस्सा, मला मोठ्या मानानं पिठलं. सात गुरुवार, सात घरं, सात पिठली. शिवम्मानं तर माझ्यासाठी वेगळी चूल मांडली, रश्श्याचा वास लागू नये म्हणून. मेंढपाळावर उपदेश झाला की मला आजही मेंढी दिसते, पण आता ती फक्त चरताना दिसते.

परवा चर्चच्या वर्धापनदिनाचं प्रीतिभोजन होतं. ताटं वाढली, सगळ्यांनी डोळे मिटले, पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली, आणि माझ्या शेजारी बसलेला आनंदराज एकदम खळखळून हसला. चार महिन्यांनी. पाळकसाहेब म्हणाले, हे आईच्या समाधानाचं फळ. आता रविवारी लोह्याच्या मंडळीत साक्ष द्यायला मला बोलावलंय. तेव्हा शांते, जे आहे त्यात सुखी राहा. मला काहीही नको.

तुझी थोरली,
सिद्धम्मा

ता.क. पाळकबाई गेल्या. आता पेन आनंदराजच्या हातात हाय. हे खालचं कुणाला वाचायला देऊ नको. सगळ्यांचे डोळे मिटलेले बघून मी ह्याच्या ताटातली मटणाची नळी उचलली. पण ह्यो हल्ली प्रार्थनेत डोळेच मिटत न्हाई. त्यानं बघितलं तवा नळी माझ्या तोंडात, रस्सा हनुवटीवर आणि आमेन म्हणायची वेळ आलेली. म्हणून हसला. देवानं माझं ऐकलं, पण नळीतून ऐकलं. वासना गेली-बिली काही न्हाई. ती साक्ष ह्याची लाज जावी म्हणून दिली होती, हे त्याला आत्ता लिहितानाच कळून राहिलं.

आणखी एक. शनिवारच्या एसटीनं सुकं मटण पाठव. डब्यावर लिंबाचं लोणचं म्हणून लिही. डबा रिकामा झाला की त्यातूनच तुझा चष्मा येईल, आधी न्हाई. नळ्या दोन टाक. एक ह्याची परत करायची हाय.