नाकेदाराचं कांबळं

बाबा,

परवा दुपारी मी वर्गातला पंखा बंद करायला लावला. मुलं घामाघूम झाली होती, तरी लावला. जुना पंखा आहे, फिरताना एका सुरात घुमतो आणि तो सूर कानात शिरला की माझं फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहतं. हे चौथीतल्या मुलांना कसं सांगू? घरी फ्रीजचंही तेच. तो सुरू झाला की मी स्वयंपाकघरातून ओसरीवर येऊन बसते आणि भाजी करपते. तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली. मी त्रेपन्न वर्षांची झाले, सौंदडला शिकवते, दोन्ही पोरींची लग्नं लावून दिली, पण भीती वाटली की अजून तुम्हीच आठवता. म्हणून लिहायला बसले. पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही.

तुमचे जावई तुम्ही पाहिले नाहीत. यांचं सडक अर्जुनीला हायवेवर बियाण्यांचं दुकान आहे. धानाच्या हंगामात यांना जेवायची फुरसत नसते, आणि हंगाम सरला की नुसतं गाणं. दुकानात गाणं, गाडीत गाणं, न्हाणीघरात गाणं. आवाज म्हणाल तर म्हशीला हाक मारल्यासारखा, पण हौस दांडगी. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. कधी सासूबाई सोबत, कधी पोरी, आणि जायचं ते कोणाच्या तरी लग्नाला. या माघात थोरलीने फोनवरच गोंदियाच्या एका मैफलीची दोन तिकिटं काढून पाठवली आणि वर हुकूम सोडला, दोघंच जा, दुसऱ्या दिवशी बोदलकसाला जा, तलाव बघा, डोंगर चढा, जरा मोकळे व्हा. हे हरखले. मी हो म्हटलं. बोदलकसाचं नाव घेतलं की मला काय आठवतं, ते थोरलीला मी कधी सांगितलेलं नाही.

तुम्ही तिथले नाकेदार. सरकारी कागदावर वनरक्षक, पण गावाला नाकेदारच. तलावाच्या अलीकडे आपलं क्वार्टर, दोन खोल्या आणि धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर. मी नऊ वर्षांची आहे, आई चुलीवर भात रटरटवत आहे, आणि तुम्ही परसदारातून एक माणूस पाठीवर घेऊन येता. त्याच्या अंगावर तुमचं सरकारी कांबळं आहे. तुम्ही त्याला चुलीपाशी निजवता, कांबळं बाजूला करता, आणि मला दिसतं की त्याला डोळेच नाहीत, नुसती सूज आहे. बांबू तोडायला डोंगरावर गेलेला माणूस. आग्या मोहोळ उठलं, बरोबरचे सगळे पळाले, तुम्ही एकटे कांबळं घेऊन परत वर गेलात. आई चुना लावत होती. तो पाणी मागत होता आणि पाणी त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. दवाखान्यात न्यायला बैलबंडी जुंपेपर्यंत तो गेला. तुम्ही हात धुवून भिंतीला टेकून बसलात आणि आईला एवढंच म्हणालात, "लग्नातून आलता. डोक्याले वासाचं तेल लावलं होतं त्यानं."

पुढच्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण हट्टाने तुमच्याबरोबर डोंगरावर निघालो. मैत्रिणीच्या आईने दोघींनाही चमेलीचं तेल लावून, चापूनचोपून वेण्या घालून दिल्या होत्या. नाल्यापाशी तुम्ही थांबलात, माझं डोकं हुंगलंत आणि ओरडलात, "हे काय लावलं वो? काऊन लावलं?" मग दोघींच्या वेण्या सोडवून, नाल्यात बसवून, मातीने खसाखसा डोकी धुतलीत. मैत्रिणीसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पण त्या दिवशी ओल्या केसांनी तुमच्यामागून चालताना जे ऐकलं ते पाढ्यासारखं पाठ आहे. "मोहोळ उठलं तं धावाचं नाही. हात हालवाचे नाही. कांबळं घेऊन खाली बसाचं. आन दोघं गेले तं दोघंच वापस याचं." पुढे मी शिकायला होस्टेलला निघाले तेव्हा तुम्ही तेच कांबळं घडी करून माझ्या पेटीत घातलंत. बाकीच्या मुलींकडे फुलाफुलांच्या चादरी होत्या. मी ते दोन वर्षं गादीखाली लपवलं, तुमच्या माघारी मात्र कधी टाकलं नाही. आता ते आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर असतं. कशासाठी, असं यांनी कधी विचारलं नाही.

मैफल संध्याकाळी पाचची होती. हॉलच्या दाराशी एक बाई येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर लावत होत्या. यांनी दोन्ही हात पुढे केले आणि वर एक फाया मागून घेतला. कापसाचा तो बोळा कानाच्या पाळीत खोचून हे असे काही ऐटीत आत शिरले की गाणं यांचंच असावं. मी हसले. मग पडदा उघडला आणि गायकाच्या मागे दोन तंबोरे सुरू झाले. बाबा, बाकी लोकांनी डोळे मिटून माना डोलावल्या. मला तो आवाज खालून, जमिनीतून आल्यासारखा वाटला. तुम्ही दुरून कातळावरचं मोहोळ दाखवून म्हणायचात ना, "आयक, निजून आहेत तोवर असंच वाजते." मी यांचा दंड घट्ट धरला. यांना वाटलं, मला गाणं लागलं.

"रडून राहिली का वो?"

म्हटलं, नाही.

"मंग हात काऊन थंडा आहे?"

गाणं फार चांगलं झालं म्हणतात. मला त्यातलं तंबोऱ्याशिवाय काही आठवत नाही.

सकाळी लॉजवर आंघोळ करून यांनी तोच फाया पुन्हा कानात खोचला. मी पाहिलं. गाडीत बसलो तर गाडी घमघमत होती. तिरोड्यापर्यंत माझ्या ओठांवर ते येत होतं, की तो काढा, फेका, कान धुवा. पण हे कालचं गाणं म्हणत होते, तेही स्टिअरिंगवर ताल धरून. अठ्ठावीस वर्षांत मी यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. वाटलं, कशाला विरस करायचा. आपल्यामागे लागलेली जुनी भीती, तिच्यापायी नवऱ्याला नाल्यात बसवून धुवायचं का? गप्प बसले. गाडी तलावामागे कच्च्या रस्त्याच्या टोकाला लावली. यांच्या कुर्त्याला खिसा नव्हता म्हणून किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

चढण तुम्ही ओळखता. वरून तलाव पाहिला, यांनी डझनभर फोटो काढले, दम लागला तरी कबूल केलं नाही. घात उतरताना झाला. गाडी खाली दिसत होती. कातळाच्या सावलीत हे टेकले, कपाळाचा घाम पुसला आणि मोठ्याने गायला लागले. मी वर पाहिलं. कातळाच्या पोटाला मोहोळ लोंबत होतं, सुपाएवढं, काळं. त्याच्यावरून माशांची एक लाट सरकली. मग दुसरी. ती लाट तुम्ही मला लांबून दाखवली होती. म्हणाला होतात, एवढं दिसलं की आवाज न करता निघायचं.

मी कुजबुजले, "गप. उठा. हळूच चला."

"कायले? कोन आहे इथं आयकाले?" हे म्हणाले, आणि कानापाशी आलेल्या पहिल्या माशीला यांनी हाताने झटकलं.

पुढचं मी लोकांना सांगत नाही, तुम्हाला सांगते. मी धावले. हात हलवत, किंचाळत, पर्स छातीशी धरून, चपला सोडून धावले. मागून यांनी मला हाक मारली, नावाने मारली. जे घरात कधी नाव घेत नाहीत, त्यांनी नाव घेतलं. मी गाडीत शिरले आणि दार लावून घेतलं. बाहेर काचेवर माशा आपटत होत्या. यांना मी दिसत नसेन, हे मला दिसत नव्हते. किल्ली माझ्याजवळ होती. मागच्या सीटवर तुमचं कांबळं होतं. ते दिसलं, तुमचं बोलणं आठवलं, मी दार उघडलं आणि कांबळं घेऊन परत वर गेले.

हे कातळापासून थोडं खाली झुडपात तोंड खुपसून पडले होते. मी यांच्यावर पडले, कांबळं दोघांवर ओढलं. आत अत्तराचा वास, घामाचा वास, आणि बाहेर तो आवाज. हे माझ्या कानाशी पुन्हा पुन्हा विचारत होते, "आली का वो? आली का?" मी म्हणत होते, आले. मग तलावावर मासे धरणारा एक ढीवर ओलं पोतं पांघरून, पेटत्या गवताची पेंडी घेऊन वर आला. त्याने धूर केला, आणि आम्ही दोघं कांबळ्याखाली, तो पोत्याखाली, असे सरकत सरकत खाली उतरलो. गाडी मी चालवली. तिरोड्याच्या दवाखान्यापर्यंत मी यांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. डोळे मिटत चालले होते. माझ्या डोळ्यांपुढे आपलं स्वयंपाकघर आलं. मी मोठमोठ्याने तुम्हाला हाका मारत होते, हे शुद्धीवर होते तरी.

वाचले, बाबा. चार दिवस सलाईन चाललं, डॉक्टरांनी काटे उपटले, मोजणं मध्येच सोडून दिलं. सूज उतरून डोळे उघडले तसं यांनी पहिलं विचारलं, "तू कांबळं आनाले धावली होती ना?" मी हो म्हटलं. तेवढ्या एका शब्दावर आता गोष्ट उभी आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवतात. नाकेदाराची पोरगी आहे म्हणतात, दुसरी असती तं पळून गेली असती म्हणतात, आणि कांबळं काढून दाखवतात. लोक हात लावून बघतात. मी चहा ठेवायला आत जाते. एक मात्र माझ्या लक्षात आलं आहे. एरवी गोष्ट सांगताना हे माझ्याकडे बघून टाळी मागतात. "ती कांबळं आनाले धावली," या वाक्याला मात्र हे माझ्याकडे बघत नाहीत, रस्त्यावरच्या ट्रककडे बघतात. यांना ठाऊक असेल का? तेव्हा पाहिलं असेल का, दार लागताना? विचारायची माझी छाती होत नाही. आता दिवाळीनंतर पुन्हा कुठेतरी जाऊ म्हणतात, गाणं आणि डोंगर, दोन्ही. "तू सोबत असली तं मले भेव नाही." हे ऐकलं की मला त्या मोहोळापेक्षा जास्त भीती वाटते.

हे पत्र कांबळ्याच्या घडीत ठेवणार होते, पण ते आता रोज उलगडलं जातं. शाळेच्या कपाटात जुन्या हजेऱ्यांखाली ठेवते.

एक सांगायचं राहिलं. वर मी लिहिलं आहे की कांबळं दिसलं, तुमचं बोलणं आठवलं आणि मी दार उघडलं. वाचायला बरं वाटतं म्हणून खोडत नाही. पण माझ्यामागोमाग एक माशी गाडीत शिरली होती. काचेवर आपटली, मग तिचा आवाज बंद झाला, मग माझ्या मानेजवळ आला. दार मी तिच्या भीतीने उघडलं. कांबळं ओढलं ते स्वतःच्या डोक्यावर घ्यायला. बाहेर आल्यावर यांचं कण्हणं ऐकू आलं आणि पाय तिकडे वळले, एवढं खरं आहे. ती माशी आत आली नसती तर मी दार उघडलं असतं का, ते मला माहीत नाही, बाबा.